चोरी झाली तेव्हा गणित काय करत होतं?

१८ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजच्या, म्हणजे डिजिटल चलनांच्या बाजाराच्या, एका वॉलेटमधून (डिजिटल तिजोरीतून) सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपयांची चलनं गेली. लगेच दोन बाजूंनी गलका सुरू झाला. 'ब्लॉकचेन हॅक झाली, सुरक्षित वगैरे सगळ्या बाता' म्हणणारे एका बाजूला, 'ब्लॉकचेन हॅक होऊच शकत नाही' असं छातीठोकपणे सांगणारे दुसऱ्या बाजूला. ज्यांचे पैसे अडकले त्यांना या दोन्हींचा काडीचा उपयोग नव्हता.

त्या वॉलेटला सहा चाव्या होत्या आणि पैसे हलवायला चार सह्या लागत. चारही सह्या झाल्या, आणि गणिताच्या हिशेबाने त्या अस्सल होत्या. कंपनीचं म्हणणं असं, की सही करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता आणि सही मात्र भलत्याच मजकुरावर झाली. चूक नेमकी कुणाच्या यंत्रणेत होती यावरून पुढे बरीच तू-तू मैं-मैं झाली. ज्या ब्लॉकचेनवर हे घडलं त्या इथेरियमच्या जाळ्याने आपलं काम चोख बजावलं. सह्या तपासल्या, त्या जुळल्या, व्यवहार नोंदवला. सात महिन्यांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, बायबिट नावाच्या परदेशी एक्स्चेंजमधून सुमारे दीडशे कोटी डॉलरचं इथर (इथेरियमचं चलन) गेलं, तेही असंच: पडद्यावर एक, सहीखाली दुसरंच. दोन्ही चोऱ्यांसाठी अमेरिकेने उत्तर कोरियाच्या हॅकरांकडे बोट दाखवलं.

म्हणजे यात गणित हरलं का? नाही. मग ते काय करत होतं? त्याला नेमून दिलेलं काम. ते काम नेमकं कोणतं आणि त्याची हद्द कुठे संपते, हे कळलं की या विषयातला निम्मा गोंधळ संपतो.

वही कुणाकडे ठेवायची?

बँकेतले पैसे म्हणजे वहीतल्या नोंदी. तुम्ही यूपीआयने भाजीवाल्याला दोनशे रुपये पाठवता तेव्हा नोट कुठेच जात नाही. तुमच्या बँकेच्या वहीत दोनशे वजा होतात, त्याच्या बँकेच्या वहीत जमा. वही सांभाळणारा ठरलेला आहे आणि आपला त्याच्यावर विश्वास आहे.

बँक नको म्हटलं की पहिली अडचण उभी राहते ती नकलेची. फोटो किंवा गाणं जसं एका क्षणात दहा जणांना पाठवता येतं, तसं 'डिजिटल नाणं'ही पाठवता येईल. एकच नाणं दोघांना देणाऱ्याला अडवायचं कसं? या अडचणीवर बँकेशिवाय चालेल असा तोडगा सापडायला २००८ साल उजाडलं. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कुणीतरी नऊ पानांचा एक लेख प्रसिद्ध केला. त्यातून बिटकॉइन आलं. ती व्यक्ती कोण, हे आजतागायत सिद्ध झालेलं नाही.

तोडगा समजायला आपली भिशी घ्या. बारा जणींची भिशी, वही एकीकडे. ती प्रामाणिक आहे तोवर सगळं सुरळीत. तिच्यावर भरवसा न ठेवता भिशी चालवायची तर? प्रत्येकीने स्वतःची वही ठेवायची. प्रत्येक नोंद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर आधीच्या पानाची एक खूण लिहायची, अशी की मागच्या पानावरचा एक आकडा जरी बदलला तरी ती जुळणार नाही. पाचव्या पानावर खाडाखोड केली की सहाव्यावरची खूण चुकते. सहावं दुरुस्त करावं तर सातवं बोंबलतं. शिवाय एकीने आपल्या वहीत हे सगळं उरकलं तरी उरलेल्या अकरा वह्या साक्षीला आहेतच.

पान म्हणजे ब्लॉक, आणि खुणेने जोडलेली पानं म्हणजे ब्लॉकचेन. यापलीकडे त्या शब्दात जादू नाही.

पण भिशीतल्या बारा जणी एकमेकींना ओळखतात. इथे वह्या ठेवणारे हजारो अनोळखी लोक जगभर विखुरलेले, आणि त्यातला एक जण शंभर नावांनी वावरत असेल तरी कळायचं नाही. म्हणून तीन प्रश्न सोडवावे लागतात: ती खूण काढायची कशी, नोंद खरोखर त्याच माणसाने केली हे ओळखायचं कसं, आणि पुढचं पान लिहायचं कुणी.

खूण: एक अक्षर बदललं की सगळं बदलतं

खुणेला हॅश म्हणतात. हॅश काढायचं सूत्र कोणताही मजकूर घेतं आणि ठरावीक लांबीची अक्षर-आकड्यांची ओळ देतं. बिटकॉइनमध्ये वापरलेलं सूत्र एसएचए-२५६. एका शब्दाचं असो की हजार पानांच्या पोथीचं, उत्तर २५६ बिटांचंच, म्हणजे लिहिताना ६४ चिन्हं. ही चिन्हं म्हणजे शून्य ते नऊ आकडे आणि इंग्रजीची पहिली सहा अक्षरं.

प्रत्यक्ष बघू. इंग्रजीत छोट्या लिपीत 'हॅलो' लिहून हॅश काढला तर तो '२सीएफ२४' असा सुरू होतो. फक्त पहिलं अक्षर मोठ्या लिपीत केलं, तर '१८५एफ८'. पुढची चिन्हंही अशीच सर्वस्वी वेगळी. थोड्या बदलाने थोडा फरक, असं इथे होत नाही, आणि सगळी ताकद त्यातच आहे. मजकुरावरून हॅश क्षणात निघतो. हॅशवरून मजकूर काढायला एकेक मजकूर घालून बघत बसण्यापेक्षा बरा मार्ग कुणाला सापडलेला नाही. शक्य हॅशची संख्या ७८ अंकी आहे, त्यामुळे दोन वेगळ्या मजकुरांचा हॅश योगायोगाने सारखा येईल ही भीती व्यवहारात नाही.

नोंदी हॅशने एकमेकींना बांधायची कल्पना बिटकॉइनच्या बरीच आधीची. १९९१ मध्ये स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन संशोधकांना प्रश्न पडला, की संगणकावरचा दस्तऐवज अमुक तारखेला अस्तित्वात होता हे सिद्ध करायचं कसं. त्यांनी दस्तऐवजांचे हॅश साखळीत गुंफले. पुढे त्यांच्या कंपनीने दर आठवड्याचा हॅश चक्क न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. जगभर वाटल्या गेलेल्या छापील अंकात मागे जाऊन कोण खाडाखोड करणार? सातोशीच्या लेखाच्या संदर्भांत या दोघांच्या कामाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो.

आपल्याकडचं उदाहरण गडचिरोलीचं. २०२२ मध्ये एटापल्ली उपविभागात सुमारे ६५ हजार जातीच्या दाखल्यांचे हॅश पॉलिगॉन या सार्वजनिक ब्लॉकचेनवर नोंदवण्याचं काम हाती घेतलं गेलं. दाखला समोर आला की त्याचा हॅश काढायचा आणि साखळीतल्या हॅशशी ताडून बघायचा. जुळला, तर कार्यालयाने दिलेला कागद जसाच्या तसा आहे. नाव, तारीख, जात यांतलं एक अक्षर जरी कुणी बदललेलं असलं तरी जुळणार नाही.

उपयोग चांगलाच आहे. दुकानातून रंगीत प्रिंट मारून आणलेला बनावट दाखला इथे टिकत नाही. पण मुळात दाखला देतानाच कुणी चुकीची कागदपत्रं दाखवली आणि अधिकाऱ्याने ती मान्य केली, तर? मग ती चूकही तितक्याच भक्कमपणे जपली जाईल. कागद बदलला का, एवढंच हॅश सांगतो. त्यावर लिहिलेलं खरं आहे का, हे सांगायला चौकशी करणारा माणूसच लागतो. 'सातबारा ब्लॉकचेनवर टाकला की जमिनीचे तंटे मिटतील' असं कुणी भाषणात सांगितलं की मला हेच आठवतं. तंटा बहुतेक वेळा नोंद होण्याआधीच झालेला असतो.

सही: चावी न दाखवता चावी असल्याचं सिद्ध करणं

दुसरा प्रश्न ओळखीचा. 'माझ्या खात्यातून दहा नाणी अमक्याला द्या' ही नोंद माझीच आहे, हे अनोळखी संगणकाला कसं पटावं? पासवर्ड सांगितला तर तो सगळ्यांना कळेल.

इथे दोन चाव्या येतात. खासगी चावी म्हणजे एक भलीमोठी, यादृच्छिक निवडलेली संख्या; ती फक्त माझ्याकडे. तिच्यापासून गणिताने निघते ती सार्वजनिक चावी. ती जगाला दाखवायला हरकत नाही. खासगी चावीने सही करायची, सार्वजनिक चावीने कुणीही ती पडताळायची. या विचाराची वाट १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी मोकळी केली.

'खासगीपासून सार्वजनिक निघते, पण उलट नाही' हे ऐकायला गूढ वाटतं, म्हणून इथे जरा थांबू. बिटकॉइनमागचं समीकरण शाळेतल्या फळ्यावर मावेल एवढं आहे: य² = क्ष³ + ७. या वक्राला लंबवर्तुळी वक्र म्हणतात, जरी तो लंबवर्तुळासारखा दिसत नाही. त्यावर एका बिंदूपासून ठरलेल्या नियमाने उड्या मारत जायचं. आणि प्रत्येक हिशेबात एका मोठ्या मूळसंख्येने भागून फक्त बाकी ठेवायची.

खऱ्या वापरात ती मूळसंख्या ७८ अंकी आहे. आपण १७ घेऊ. (१, ५) हा बिंदू तपासा: १ + ७ = ८, आणि ५ चा वर्ग २५, १७ ने भागून बाकी ८. जुळलं. आता उड्या. दुसरी उडी (२, १०) वर पडते, तिसरी (५, ९) वर, चौथी (१२, १) वर. आधी १, मग २, मग ५, मग १२. पुढचा आकडा काय असेल याचा अंदाज बांधून दाखवा. इथे छुपी उडी ओळखायला चार-पाच प्रयत्न पुरतील, कारण या चिमुकल्या वक्रावर उड्यांच्या वाटेत सगळे मिळून नऊच मुक्काम आहेत. खऱ्या वक्रावर त्यांची संख्या ७८ अंकी.

खासगी चावी म्हणजे 'किती उड्या मारल्या' हा आकडा. सार्वजनिक चावी म्हणजे 'कुठे पोचलो' तो बिंदू. पुढे जाताना दुपटीची युक्ती कामी येते. दोन उड्यांवरून चार, चारावरून आठ, आठावरून सोळा, असं करत अवाढव्य उडीसुद्धा काहीशे पायऱ्यांत गाठता येते. मागे यायला मात्र अशी युक्ती कुणाला सापडलेली नाही. 'सापडलेली नाही' हे शब्द मी जाणूनबुजून वापरतोय. अशी युक्ती असूच शकत नाही, हे कुणी सिद्ध केलेलं नाही. अख्खा डोलारा अनेक वर्षं हुशार लोकांनी डोकं आपटून न सुटलेल्या एका कोड्यावर उभा आहे.

प्रत्येक सहीत खासगी चावीबरोबर आणखी एक गुप्त, एकदाच वापरायची संख्या लागते. तीच संख्या दोन सह्यांत वापरली की शाळकरी बीजगणिताने खासगी चावी बाहेर पडते. २०१० मध्ये प्लेस्टेशन ३ या गेम खेळायच्या यंत्राच्या सहीची चावी याच गफलतीने फुटली. २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या यादृच्छिक संख्या देणाऱ्या भागात दोष निघाला आणि काही बिटकॉइन वॉलेटांतून नाणी गेली. वक्र शाबूत होता. संख्या निवडणारा प्रोग्राम ढिसाळ होता.

आणखी एक गैरसमज इथेच निस्तरू. 'क्रिप्टो' म्हटलं की लोकांना वाटतं सगळं सांकेतिक भाषेत दडवलेलं असणार. बिटकॉइनच्या वहीत दडवलेलं काहीच नाही. पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक व्यवहार कुणालाही वाचता येतो. इथली कूटविद्या लपवण्यासाठी नाही, सही आणि शिक्क्यासाठी आहे.

पुढचं पान कोण लिहिणार?

मतदान घ्यावं तर एक जण हजार नावांनी मत देईल. सातोशीने मताची किंमत विजेत मोजायला लावली. नवा ब्लॉक लिहू पाहणाऱ्याने, म्हणजे मायनरने, व्यवहारांसोबत एक फालतू आकडा जोडायचा आणि सगळ्याचा हॅश काढायचा. हॅशच्या सुरुवातीला पुरेशी शून्यं आली तरच ब्लॉक ग्राह्य. नाही आली, तर आकडा बदला आणि पुन्हा काढा. डोकं चालवायची सोय नाही, नुसतं यंत्र चालवायचं. ही कल्पनाही उसनी आहे: ॲडम बॅक यांनी १९९७ मध्ये नको असलेल्या ईमेलना आळा घालायला ती सुचवली होती.

३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकला आठ शून्यं पुरेशी होती. त्याच्या हॅशला प्रत्यक्षात दहा आहेत. आठ शून्यांसाठी सरासरी सव्वाचारशे कोटींहून अधिक प्रयत्न लागतात, आणि पुढचं प्रत्येक शून्य मेहनत सोळा पट करतं. आता एकोणीसच्या आसपास शून्यं लागतात. ब्लॉक सरासरी दहा मिनिटांना एक यावा म्हणून दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, जाळं ही अट आपोआप कमी-जास्त करतं.

ज्याला ब्लॉक सापडतो त्याला नवी नाणी मिळतात. सुरुवातीला ५०, मग दर २,१०,००० ब्लॉकनंतर निम्मी. एप्रिल २०२४ पासून ३.१२५. म्हणून एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाही.

विजेची उधळपट्टी हा आक्षेप खरा आहे, आणि तो झटकून टाकणाऱ्यांचं मला नवल वाटतं. बिटकॉइन एखाद्या मध्यम देशाइतकी वीज खातं. इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ रोजी ही पद्धत सोडली. आता तिथे ब्लॉक लिहिणारे विजेऐवजी स्वतःची नाणी गहाण ठेवतात आणि लबाडी केली तर ती गमावतात. वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. बिटकॉइनवाल्यांचं म्हणणं, नाणी गहाण ठेवायला लावलं की ज्याच्याकडे जास्त नाणी त्याचाच शब्द चालणार. हा वाद मिटलेला नाही.

'नोंद कधीच बदलत नाही' हे खरं का?

बऱ्याच अंशी. जुना ब्लॉक बदलायचा तर त्याच्या पुढच्या सगळ्या ब्लॉकांची मेहनत पुन्हा करावी लागते, तीही बाकी सगळं जाळं पुढे धावत असताना. निम्म्याहून जास्त ताकद एकाच्या हाती आली, तरच ते जमेल. बिटकॉइनवर असा हल्ला यशस्वी झालेला नाही. लहान साखळ्यांबाबत घडलंय: इथेरियम क्लासिकवर २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये असे हल्ले झाले. तेव्हाही हल्लेखोराला दुसऱ्यांच्या सह्या करता येत नाहीत. तो आपणच दिलेले पैसे मागे घेऊन तीच नाणी पुन्हा खर्च करतो.

दुसरा मार्ग म्हणजे सगळ्यांनी मिळून बदल ठरवणं. जून २०१६ मध्ये इथेरियमवरच्या 'द डाओ' या सामाईक निधीतून सुमारे ३६ लाख इथर काढले गेले. निधीच्या प्रोग्राममध्ये पैसे आधी द्यायचे आणि शिल्लक नंतर कमी करायची, असा उलटा क्रम लिहिला गेला होता. हल्लेखोराने शिल्लक कमी व्हायच्या आत पुन्हापुन्हा मागणी केली आणि प्रोग्राम देत गेला. जुलैत बहुसंख्यांनी ठरवून इतिहासाला वळसा घातला आणि पैसे परत मिळवले. ज्यांना हे तत्त्वतः मान्य नव्हतं ते जुनीच साखळी घेऊन बसले. वर आलेली इथेरियम क्लासिक ती हीच.

थोडक्यात, कोणती साखळी खरी मानायची हे शेवटी माणसंच ठरवतात.

गुप्त असतं, तर चोर सापडतात कसे?

वहीत तुमचं नाव नसतं, पत्ता असतो: सार्वजनिक चावीचा हॅश काढून बनवलेली अक्षरांची माळ. पण एका जरी व्यवहारातून तो पत्ता माणसाशी जोडला गेला, की मागचा-पुढचा सगळा हिशेब उघडा पडतो. आणि एक्स्चेंजवर पैसे रुपयांत काढायला गेलं की पॅन, आधार, बँक खातं सगळं द्यावंच लागतं.

ऑगस्ट २०१६ मध्ये बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून १,१९,७५४ बिटकॉइन चोरीला गेले. साडेपाच वर्षं तपासनीस त्या नाण्यांची वाटचाल उघड्या वहीत बघत होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत ९४ हजारांहून जास्त नाणी जप्त झाली. खासगी चाव्या कुठे सापडल्या? क्लाउडवर ठेवलेल्या एका फाइलमध्ये. वक्राचं कोडं सोडवायची गरजच पडली नाही.

पुण्यात आणि नांदेडमध्ये गुन्हे दाखल झालेलं गेनबिटकॉइन प्रकरण तर याहून साधं. महिन्याला दहा टक्के, तेही अठरा महिने, असं आमिष होतं. यात ब्लॉकचेनचा संबंध नावापुरता. तीच योजना सागाच्या झाडांवर किंवा शेळीपालनावरही चालली असती, आणि चाललेल्या आहेतच.

सामान्य माणसाला बसणारा फटका बहुधा बारा शब्दांत असतो. खासगी चावी लक्षात ठेवणं अशक्य, म्हणून बरीचशी वॉलेटं ती २,०४८ ठरलेल्या शब्दांपैकी बारा किंवा चोवीस शब्दांत मांडतात. ते शब्द म्हणजेच पैसे. 'केवायसी अपडेट करायचंय, बारा शब्द टाका' असा मेसेज आला आणि टाकले, तर परतीचा रस्ता नाही. शब्द हरवले तरी नाही. बँकेत सही जुळली नाही तर मॅनेजरला भेटता येतं. इथे मॅनेजर नाही हीच तर मूळ कल्पना.

यूपीआय असताना हा खटाटोप कशाला?

दुधाचं बिल द्यायला? गरज नाही, आणि हे मी निःसंकोच म्हणेन. बिटकॉइनचं मूळ जाळं सेकंदाला जेमतेम सातेक व्यवहार पेलतं. भारतात ज्याच्या खिशात फोन आणि खात्यात पैसे आहेत, त्याला याने रोजच्या व्यवहारात काही सोपं होत नाही.

उपयोग तिथे, जिथे वही सांभाळणाऱ्यावर भरवसा नाही किंवा एकमेकांवर भरवसा नसलेल्यांना एकच वही हवी आहे. ज्या देशात चलन वर्षभरात मातीमोल होतं तिथल्या माणसाला हा प्रश्न पुण्या-मुंबईतल्यापेक्षा वेगळा दिसतो. आणि अनेक सरकारी वा कंपन्यांच्या 'ब्लॉकचेन प्रकल्पां'त वही एकाच संस्थेच्या हाती असते. तिथे साधा डेटाबेस आणि हॅशची जोड पुरली असती, पण निविदेत तो शब्द शोभून दिसतो.

रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया हा वेगळाच प्राणी. १ डिसेंबर २०२२ पासून मुंबईसह चार शहरांत त्याची किरकोळ वापरासाठीची चाचणी सुरू झाली. तो रुपयाच आहे, देणारी रिझर्व्ह बँकच. क्रिप्टो चलनांवर रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये घातलेले बँकिंग निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. त्यामुळे ती बाळगणं गुन्हा नाही, पण ती कायदेशीर चलनही नाहीत. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, एकातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो. कर भरला म्हणजे सरकारने हमी घेतली, असं मात्र कुणी समजू नये.

क्वांटम संगणक आला की सगळं कोसळेल?

पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवून दिलं, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक वक्रावरच्या उड्यांसारखी कोडी उलट सोडवू शकेल. तसा संगणक अजून कुणाकडे नाही. हॅशला धोका त्यामानाने फार कमी. खरा धोका सह्यांना. तोही सरसकट नाही. बऱ्याच पत्त्यांवर सार्वजनिक चावीचा नुसता हॅश दिसतो, चावी पहिल्यांदा खर्च करतानाच उघड होते. सुरुवातीच्या काळातल्या नाण्यांची, सातोशीची समजली जाणारी धरून, सार्वजनिक चावी मात्र वहीत उघडीच पडून आहे.

नव्या तऱ्हेच्या सह्या तयार आहेत. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांची पहिली मानकं जाहीर केली. बँक स्वतःच ठरवून आपली यंत्रणा बदलू शकते. बिटकॉइनमध्ये हजारो वहीवाल्यांनी आधी राजी व्हायला हवं. आणि मालक मेलेले, चावी हरवलेली जी जुनी नाणी आहेत त्यांचं काय करायचं? गोठवायची, की ज्याच्या हाती पहिला क्वांटम संगणक येईल त्याला नेऊ द्यायची? याचं उत्तर कोणत्याच समीकरणात नाही.

शिकायचं असेल तर

नाण्याच्या भावापासून सुरुवात करू नका. आलेखात कूटविद्या नसते. आधी भागाकारातल्या बाकीचं गणित, मग हॅश, मग सही, आणि मग सातोशीचा नऊ पानी लेख. या क्रमाने गेलात तर तो लेख एका बैठकीत कळतो.

लिनक्स असलेल्या कुठल्याही लॅपटॉपवर हॅश काढायची आज्ञा आयती असते. 'हॅलो'चा हॅश काढून बघा. '२सीएफ२४' आला नाही, तर ओळीच्या शेवटचं न दिसणारं एन्टरचं चिन्हही मजकुरात धरलं गेलं असणार. बहुतेक जण पहिल्यांदा इथेच अडकतात. मग कागद-पेन घेऊन १७ च्या वक्रावर बिंदूंची बेरीज करा. दोन बिंदूंतून रेघ (बिंदू स्वतःतच मिळवायचा असेल तर तिथली स्पर्शरेषा), ती वक्राला तिसरीकडे कुठे छेदते ते शोधायचं आणि त्या बिंदूचा य उलट चिन्हाचा करायचा, एवढाच नियम आहे. भागाकाराच्या जागी 'कशाने गुणलं की बाकी १ उरते' ते शोधायचं. (१२, १) मध्ये (१, ५) मिळवून पाचवी उडी काढताना ६ ने भागायची वेळ येईल. ६ गुणिले ३ म्हणजे १८, बाकी १, म्हणून ३ ने गुणा. उत्तर (१२, १६) यायला हवं.